दीड बोट हवा

१

सुंदराच्या छातीतली शिट्टी मी एकवीस वर्षं ऐकत आलो होतो. दम्याची शिट्टी. श्वास आत जाताना काही नाही, बाहेर येताना बारीक आणि लांब. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ती मला पहिल्यांदा ऐकू आली, तेव्हा घरात मांजराचं पिल्लू शिरलंय असं वाटून मी माळ्यापर्यंत शोधून आलो होतो. त्यावरून ती मला पुढे कायम चिडवायची. हसता हसता तिला दम लागायचा आणि मग हसणं थांबवावं लागायचं.

मी पोलादपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सगळ्या गोष्टी मोजून बघायची मला खोड आहे. सुंदरा तळीयेच्या बाजूची, डोंगरातल्या वाडीतली. दम्याने तिचं चढावरचं माहेर तोडलं होतं, ओले कपडे पिळणं तोडलं होतं, गाणं म्हणणं तोडलं होतं. महाडच्या डॉक्टरांनी तिला तीन पथ्यं सांगितली होती: थंडी नको, धूर नको, कोंदट नको.

मी म्हटलं, "डॉक्टर, थंडी नको तर शेगडी पेटवावी लागते. शेगडी पेटवली की धूर. धूर घालवायला खिडकी उघडली की थंडी."

ते म्हणाले, "तुम्ही सायन्सचे ना? मग काढा काहीतरी उपाय."

ते चेष्टेने बोलले, पण मी ते मनावर घेतलं. १९८१ साली आम्ही घर बांधायला काढलं. जागा आंबेनळी घाटाचा रस्ता वळतो तिथली, ऐसपैस, पण एक दोष होता. हिवाळ्यात पहाटेचा वारा घाटातून सरळ खाली यायचा आणि पूर्वेच्या खोलीवर आदळायचा. उजेड आणि ऊन मात्र त्याच खोलीला. सुंदराची खाट तिथेच हवी होती. म्हणजे सगळं त्या एका खिडकीवर येऊन थांबलं.

२

खिडकी निवडायला मला अख्खी एक थंडी लागली होती. घर बांधायच्या आदल्या वर्षी, शाळेच्या प्रयोगशाळेतलं तापमापक घेऊन मी सकाळी सहा वाजता लोकांच्या घरी जायचो. आधी खोलीच्या मध्ये धरायचं, मग खिडकीपासून वीतभर अंतरावर. वहीत दोन आकडे लिहायचे, चहा घ्यायचा, पुढच्या घरी जायचं.

शेजारची ठकूबाई साऱ्या आळीला सांगत सुटली, "सर खिडकीला ताप आलाय का बघतायत गो!"

हसू देत. माझ्या वहीत सगळं स्पष्ट होतं. सिमेंटच्या जाळीची तेव्हा टूम निघाली होती, तिच्यातून बाहेरची थंडी जशीच्या तशी आत. लाकडी फळ्यांची खिडकी ऊब धरायची, पण दिवसा दिवा लावावा लागायचा. एका काचेची सगळ्यांना आवडायची. तिच्याजवळ मात्र पारा खोलीपेक्षा चार अंशांनी खाली. काच बंद असूनही थंडी आत येते हे आकड्यांत बघून मला आनंदच झाला, आणि मग आता करायचं काय या विचाराने तो मावळला.

उपाय मुरारी सुताराने सांगितला. मुरारी बारा वर्षं मुंबईला मासळीच्या थंड वखारीत दारं-चौकटी करायला होता. आईसाठी गावी परत आला.

"मास्तर, त्याला डबल काच लागते," तो म्हणाला. "आमच्या वखारीत बघायची खिडकी होती. भायरून एक काच, आतून एक काच, मधी दीड बोट हवा कोंडायची. एकदम टाइट. आत बरफ, भायर मे महिना, तरी काचेला हात लाव, गार नाय लागत."

मी शाळेतले दोन काचतुकडे घेतले, मध्ये लाकडाच्या काड्या ठेवल्या, कडा मेणाने बंद केल्या आणि एका बाजूला बर्फगोळेवाल्याचा बर्फ ठेवून मोजलं. मुरारी खरं बोलत होता. कोंडलेली हवा ऊब पुढे जाऊ देत नाही. शेगडी अर्ध्या कोळशात भागली असती, कदाचित लागलीही नसती. धूर नाही, थंडी नाही, उजेड भरपूर. कोंदट होऊ नये म्हणून वर वीतभर उघडझाप करणारी झडप ठेवायची आणि खालचा मोठा भाग कायमचा बंद. त्या दिवशी मी घरी जाऊन सुंदराला म्हणालो, "तुझी शिट्टी आता गेली म्हणून समज."

"जाऊ दे बाई एकदाची," ती म्हणाली.

३

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी खिडकी बसवली. चौकट जुन्या सागाची, एका मोडलेल्या घराच्या तुळईतून काढलेली, म्हणजे पीळ पडायची भीती नव्हती. बाहेरची काच आधीच बसली होती. मुरारीने आतल्या काचेसाठी लांबी मळून ठेवली होती. खडूची पूड जवसाच्या तेलात मळली की कणकेसारखी होते आणि वाळली की दगडासारखी. तिने चारी कडा बंद करायच्या होत्या.

मुरारीने आतली काच उचलून चौकटीला तिरकी टेकवली आणि सुंदरा म्हणाली, "थांब रे मुरारी, डाग हाय."

बाहेरच्या काचेला, आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात मुरारीच्याच बोटाचा तेलकट ठसा होता. एकदा दुसरी काच बसली की तो जन्मभर तसाच दिसत राहणार. आमच्याकडे वीज असली तरी जायची फार, त्यामुळे कंदिलाची काच रोज संध्याकाळी सुंदरा पुसायची. काचेत तोंड घालून 'हाऽ' करायचं, वाफ धरली की पदराने पुसायचं. दोन गोल फेरे आणि शेवटी कोपऱ्यात करंगळी. तेच तिने इथे केलं. हिरव्या पातळाचा पदर हातात धरून तिरक्या काचेच्या फटीतून आत वाकली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास काचेवर सोडला. शेवटी शिट्टी वाजली. फेरे मारून झाले, करंगळी फिरली.

तेवढ्यात घाटातून एक ट्रक खडी घेऊन उतरला आणि रस्त्याचा सगळा धुरळा आमच्याकडे यायला लागला.

"दाब, दाब, धूळ जाईल आत!" मी ओरडलो.

सुंदराने हात काढला आणि मुरारीने काच दाबली. लांबी कडेने बाहेर आली, ती त्याने अंगठ्याने सरळ केली. धुरळा येऊन काचेवर बसला, पण बाहेरून. मी खूश झालो.

"वाफ सुकली नव्हती हो," सुंदरा म्हणाली. खालच्या कोपऱ्यात, दोन काचांच्या मध्ये, तळहाताएवढं धुरकट राहिलं होतं.

"उन्हाने जाईल," मी म्हणालो.

४

त्या थंडीत शिट्टी वाजली नाही.

पहिले आठ दिवस मी बोललोच नाही, दृष्ट लागेल म्हणून. माझ्यासारख्या माणसाने हे लिहिणं लाजिरवाणं आहे, पण तसं झालं खरं. शेगडी पेटवावी लागली नाही. खोलीत पारा बाहेरच्यापेक्षा सात अंश वर. सुंदरा सकाळी उठायची ती सरळ विहिरीवर जायची. ओले कपडे स्वतः पिळायची. डिसेंबरात आम्ही महाडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पाठीला नळी लावली, मग छातीला, मग पुन्हा पाठीला. कानांतली टोकं काढून फुंकून बघितली.

"नळी बिघडलेली दिसते," ते म्हणाले. "पण शिट्टी नाही हे नक्की. काय केलंत?"

"खिडकी," मी म्हणालो. त्यांना सगळे आकडे सांगितले. परत येताना बसमध्ये सुंदरा मला म्हणाली, "त्यांना चहा तरी पिऊ द्यायचात," आणि हसली. खूप वेळ हसली. दम लागला नाही.

कोपऱ्यातलं धुरकं मात्र गेलं नव्हतं. कोंडलेली हवा, तिच्यातली ओल, बाहेरची काच गार. ओल काचेवर बसणारच, यात विशेष काही नाही. पण ते एकसारखं नव्हतं. एका रविवारी सकाळी दाढी करताना मला दिसलं की ते यायचं आणि जायचं. तळहाताएवढं धुरकट व्हायचं, कडेपासून विरत मध्ये यायचं, नाहीसं व्हायचं. पुन्हा यायचं.

मी घड्याळ घेऊन मोजलं. मिनिटाला अठरा.

ऊन-सावली असेल, वाऱ्याने काच हलत असेल, असं मी वहीत लिहिलं. त्या सकाळी ऊनही नव्हतं आणि वाराही नव्हता.

त्याच संध्याकाळी वीज गेली. सुंदरा पडवीत कंदील घेऊन बसली. काचेत तोंड घालून तिने 'हाऽ' केलं आणि पदराने पुसलं. मी समोरच बसलो होतो. काच धुरकट झालीच नव्हती. तिने पुन्हा 'हाऽ' केलं, काच उजेडाकडे धरून बघितली, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि त्याने पुसून टाकली.

"थंडी कमी झालेय वाटतं," ती म्हणाली.

मी स्वेटर घालून बसलो होतो.

५

मग मला दिसायला लागलं. सकाळी चुलीशी ती फुंकणी घेऊन बसायची, गाल फुगवायची, फूऽ फूऽ आवाज यायचा आणि राखेचा कणही हलायचा नाही. शेवटी ती पुठ्ठ्याने वारा घालायची. सावित्री नदीवरून धुकं चढायचं त्या दिवसांत स्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघायची. कंडक्टरच्या, दूधवाल्याच्या, ठकूबाईच्या. सुंदरा त्यांच्यात उभी राहून बोलायची, हसायची आणि तिच्या तोंडापुढे काही नसायचं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपण माणसाच्या तोंडाकडे बघतो, तोंडापुढे नाही.

बोलायला श्वास लागतो हे मी नववीला शिकवतो. सुंदरा बोलत होती, म्हणजे श्वास घेत होती. हा पुरावा मी स्वतःला दिवसातून दहादा द्यायचो.

एका रविवारी दुपारी ती जेवून आडवी झाली होती. मी दाढीचा आरसा तिच्या नाकाखाली धरला. शंभर आकडे मोजले. आरशात तिचा वरचा ओठ स्वच्छ दिसत होता, त्यावरचा तीळसुद्धा. मान वळवली तर खिडकीच्या कोपऱ्यात ते येत होतं आणि जात होतं. झोपेत माणसाचा श्वास मंद होतो. त्या वेळी ते मिनिटाला चौदा होतं.

मी आरसा खिळ्याला लावला आणि शाळेच्या वह्या तपासायला बसलो. काय करणार होतो? मुरारीला बोलावून काच काढायची? कशासाठी? बायको बरी झाली म्हणून?

वीस मार्चला आम्ही महाडला गेलो. दरवर्षी मी एकटाच जायचो, सुंदराला गर्दी आणि धूळ झेपायची नाही. त्या वर्षी ती पांढरं पातळ नेसून बायकांच्या रांगेत चालली. चवदार तळ्याला पूर्ण फेरी घातली. घोषणा दिल्या. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर कळलं. तळ्याच्या पायरीवर बसून मी रडलो आणि उन्हाने डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. तिने मला पाणी आणून दिलं.

जवळच गाडीवर भजी तळत होते. "घ्यायची का?" मी विचारलं.

"घ्या तुम्ही. मला वासच येत नाय आताशी," ती म्हणाली. "कशाचाच नाय."

६

एप्रिलमध्ये पोलादपूरची भट्टी होते. चौकटीचा साग तापला, लांबी सुकून आकसली. मला ते कळलं ते असं: सकाळची शाळा सुटून मी दुपारी घरी आलो आणि अंगणातच शिट्टी ऐकू आली.

सुंदरा स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन्ही हात जमिनीवर टेकलेले, खांदे वर, ओठ निळे. इतका मोठा झटका एकवीस वर्षांत आला नव्हता. तिला बोलता येत नव्हतं. मी गोळी जिभेखाली दिली, पाठ चोळली, डॉक्टरांसाठी महाडला माणूस पाठवायला धावलो. पूर्वेच्या खोलीतून जाताना माझी नजर खिडकीकडे गेली.

कोपऱ्यात धुरकं नव्हतं. काच लख्ख. आणि आतल्या काचेच्या खालच्या कडेला लांबी बोटभर फाटली होती.

मी डॉक्टरांकडे माणूस पाठवला नाही. झाकणबंद डब्यातली उरलेली लांबी काढली, थुंकी लावून मळली आणि त्या फटीत अंगठ्याने दाबली. स्वयंपाकघरातली शिट्टी अर्ध्यात तुटली.

भांड्याचा आवाज आला. सुंदरा उठून पाणी पीत होती. "बरं वाटलं हो," तिने आतून सांगितलं. "गोळी चांगली हाय."

माझा अंगठा अजून काचेवर होता. त्याच्याच पलीकडे धुरकं आलं आणि गेलं. आता ते मिनिटाला तीस-पस्तीस होतं, घाईने येत होतं. मी खाली वाकून काचेला कान लावला.

शिट्टी तिथे होती. मी ती कुठेही ओळखली असती. सुरुवातीला घोगरी, मग बारीक, शेवटी जराशी वर चढणारी. माझ्या कानापासून एका काचेच्या अंतरावर, दीड बोट जागेत.

तेव्हाच सगळं समजायला हवं होतं. मला एवढंच समजलं की फट राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी दोन किलो खडूची पूड आणि बाटलीभर जवसाचं तेल आणून ठेवलं. दर आठवड्याला कडा तपासायला लागलो. पावसाळ्याआधी बाहेरूनही लांबीचा दुसरा थर दिला. ठकूबाई म्हणाली, "सर, बायकोपेक्षा खिडकीचीच जास्त सेवा करता."

सुंदरा जवळच तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचला आणि खिडकीकडे बघितलं.

७

आठवीच्या पुस्तकात एक प्रयोग आहे. ताटलीत मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत थोडा वेळ नीट जळते, मग लहान होते, मग विझते. मुलं दरवर्षी विचारतात, किती वेळ जळेल? मी दरवर्षी सांगतो, आत हवा असेल तेवढा वेळ. त्या वर्षी डिसेंबरात हे वाक्य अर्धं बोलून मी थांबलो, आणि वर्ग सोडून घरी आलो.

मिनिटाला अकरा. उन्हाळ्यापासून मी मोजलंच नव्हतं, लांबीच बघत होतो.

मी खुर्चीवर घड्याळ धरून बसलो होतो. सुंदरा दारात येऊन उभी राहिली.

"किती झालं?" तिने विचारलं.

"काय किती?"

"मला ठावं हाय, अहो. तुम्ही कान लावता ते मी बघितलंय. मी पण लावते." ती येऊन खाटेवर बसली. "काच काढा आता."

मी तिला समजावलं. आकडे सांगितले, एप्रिलमधल्या झटक्याची, निळ्या ओठांची आठवण करून दिली.

"चुलीत फुंकर जात नाय," ती म्हणाली. "सुकट करपली तरी कळत नाय. माहेरची आते गेली तेव्हा मातीला गेले, सगळ्या बायका रडत होत्या, मला हुंदका नाय आला. डोळ्यांतून पाणी आलं नुसतं. हुंदका कशाने यायचा? ती शिट्टी वाईट होती पर माझी होती. आणि ती तिकडं एकटी दमलेय हो."

"थंडी जाऊ दे," मी म्हणालो. "भर थंडीत काढली आणि झटका आला तर मी काय करू? फेब्रुवारीत ऊन पडलं की लगेच काढू. मुरारीला सांगून ठेवतो."

"तवर पुरेल?"

"पुरेल," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ते निळे ओठ मला पुन्हा बघायचे नव्हते. ती गात होती, डोंगर चढून माहेरी जाऊन आली होती, आणि ते मला हवं होतं. तिच्यासाठी हवं होतं असं मी तेव्हा म्हणत होतो.

संक्रांतीला सात. जानेवारीच्या पंचवीस तारखेला चार. चारावर आल्यावर माझा धीर सुटला. मी मुरारीच्या घरी पळत गेलो, तर तो महाबळेश्वरला कुणाच्या बंगल्याच्या कामावर. निरोप पाठवला. तो तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने उतरला, तोपर्यंत मी खिडकीपुढून हललो नव्हतो. स्वतः काढायचा धीर झाला नाही. काच हातात फुटली तर काय होईल, हे मला ठरवता येत नव्हतं.

मुरारीने पटाशी काढली. "एवढी लांबी कशापायी भरलीत मास्तर? हा तर किल्ला झालाय," तो म्हणाला आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली. सुंदरा चुलीशी होती. फुंकणीचा आवाज येत होता, फूऽ, फूऽ.

मी खालच्या कोपऱ्याशी डोळे लावून बसलो होतो. बराच वेळ काही नाही. मग धुरकं आलं, पूर्वीपेक्षा मोठं, होता नव्हता तेवढा श्वास सोडावा तसं, अर्धी काच झाकून टाकणारं. आणि ते विरलं नाही. ते पुसलं गेलं. आतून. दोन गोल फेरे झाले आणि शेवटी कोपऱ्यात बोटाएवढी रेघ फिरली. पुसलेल्या जागेतून घाट दिसायला हवा होता. पातळाची कड दिसली, हिरवी, आणि तिच्यावर एक तीळ असलेला ओठ, मिटलेला.

मग बाहेरचा रस्ता दिसला. घाट दिसला.

"घाई कर," मी म्हणालो.

मुरारीने शेवटचा तुकडा उडवला आणि काच उचलून बाजूला ठेवली. जवसाच्या तेलाचा वास आला. मी दीड बोट जागेत हात घातला. बाहेरची काच गार होती, कोरडी होती. खाली लांबीचा चुरा आणि एक मेलेली मुंगी.

"काय शोधताय?" मुरारीने विचारलं.

फुंकणीचा आवाज थांबला. सुंदरा हात पुसत आली. तिने उघड्या चौकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली. डोकं जरासं कललेलं, दारावर कुणी आलंय का ऐकताना माणूस उभं राहतं तसं. चूल विझली होती, स्वयंपाकघरातून धूर येत होता, सगळ्या खोलीत पसरत होता. मुरारीला खोकला आला. मला आला.

ती खोकली नाही.

"अजून येत नाय हो," ती म्हणाली.

"येईल," मी म्हणालो.

त्याला आता दोन वर्षं होतील. ती काच मी परत बसवली नाही. हिवाळ्यात पहाटे वारा खोलीत शिरतो, मी शेगडी पेटवतो, माझे डोळे चुरचुरतात. रोज संध्याकाळी सुंदरा कंदिलाची काच घेऊन पडवीत बसते, 'हाऽ' करते, उजेडाकडे धरून बघते, आणि माझ्याकडे बघते. मी रोज तेच सांगतो.